नदीपलीकडच्या उडालेल्या फेऱ्या

१

बुधवारी सकाळी प्रवास-पाहणी कार्यालयात चोरी उघडकीला आली. पैसाअडका गेला नव्हता. पंखे जागच्या जागी होते, एकदोन तर फिरतही होते. गेल्या होत्या त्या फेऱ्या.

निवृत्त माणसाला दोनच कारणांनी बोलावणं येतं: कुणी तरी गेलं म्हणून, नाहीतर काही तरी गेलं म्हणून. मी चष्मा पुसत डायरेक्टरसाहेबांच्या खोलीत शिरलो. साहेब एकेकाळी माझ्या हाताखाली शिकले. पुढे ते चढत गेले आणि मी निवृत्त झालो. दोन्ही गोष्टी नियमानुसारच झाल्या.

"बसा काका," साहेब म्हणाले. "आपल्याकडे कुणी तरी घरबसल्या फॉर्म भरलेत."

ज्यांना या धंद्याची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमची माणसं घरोघर जाऊन विचारतात की काल तुम्ही कुठून कुठे गेलात, कशाने गेलात, कशासाठी गेलात. असं एकदा जाणं म्हणजे एक फेरी. शहरातल्या सगळ्या फेऱ्यांची बेरीज करून बस कुठे न्यायची, पूल कुठे बांधायचा हे ठरतं. अर्थात पूल शेवटी भलतीकडेच बांधतात, पण बेरीज चोख लागते. म्हणून काही दिवसांनी दुसरं माणूस त्यातल्या काही घरांना फोन करून तेच प्रश्न पुन्हा विचारतं. दोन्ही उत्तरं जुळली की कामाचा दर्जा उत्तम.

"सगळ्या गटांची उत्तरं छान जुळली," साहेब म्हणाले. "फक्त नदीपलीकडचा गट सोडून. तिथे घराघरातून एकदोन फेऱ्या उडाल्यात. तिथल्या प्रगणकबाईंनी लिहिलंय, गेले होते. फोनवर लोक म्हणतात, छे, कुठे गेलो? शुक्रवारी मी त्या बाईंना काढतोय आणि त्यांचा सगळा गट रद्द करतोय."

"मग तिकडच्या बसचं काय?"

"आकडाच नसेल तर बस कशाच्या जोरावर ठेवणार? तुम्ही एकदा बघून घ्या. माझ्या मनाला टोचणी नको." साहेब थोडे पुढे झुकले. "आणि लांब कशाला जाता? त्या गटाची घरं चिठ्ठ्या टाकून निवडली, त्यात माझंही घर निघालंय. पडताळणीचा फोन मी स्वतः घेतला होता. त्या दिवशी मी ऑफिसला आलो, आमची बायको दिवसभर घरी. त्या बाईंनी माझ्या घरी काय लिहिलंय ते काढा. एक जरी जादा फेरी सापडली तरी चोर हातात आला."

स्वतःचं घर पुरावा म्हणून देणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो.

२

प्रगणकबाई जिन्याच्या वळणावर उभ्या होत्या. खोलीत बसायला सांगितलं नव्हतं आणि घरी जायलाही सांगितलं नव्हतं. चाळिशीच्या पुढच्या, खांद्याला पिशवी, चपलांचे अंगठे दोनदा शिवलेले.

"काय लिहिलंत बाई?"

"त्यांनी सांगितलं ते."

"मग आता ते 'नाही' का म्हणतात?"

"त्यांना विचारा."

"बाई, नोकरी जाईल."

"जाईल."

"घरी कोण कोण?"

"सासरे आणि मुलगी. सासऱ्यांना भूक लागत नाही, पण मुलगी त्यांच्या वाटचंही खाते."

हे सांगताना त्या जरा हसल्या, म्हणून मी पुढे सरकलो. "सुपरवायझरनी वाढवल्या का फेऱ्या? का मशीनवर चढवताना गडबड झाली? एक शब्द बोला, बाकीचं मी पाहतो."

"तोच तर देऊन बसलेय ना काका."

"काय?"

"शब्द."

"कुणाला?"

"सगळ्यांना," बाई म्हणाल्या, आणि पिशवी सावरून दोन पायऱ्या वर सरकल्या, म्हणजे मुलाखत संपली.

३

सुपरवायझरला ऑफिसात 'झटपट' म्हणतात. त्याच्या माणसांचे फॉर्म सगळ्यांच्या आधी येतात. त्याला बाईंचा राग होता, आणि राग लपवण्याइतका वेळ त्याच्याकडे नव्हता.

"काका, एका घराला ही बाई अख्खी संध्याकाळ लावते. बाकीची पोरं दारातल्या दारात काम उरकतात. घरात किती जण, कोण कुठे गेलं होतं? दार उघडतो तो माणूस सगळ्यांचं सांगतो. हिला मात्र एकेकाला बाजूला घेऊन विचारायची हौस. कुणाला गच्चीवर, कुणाला मोरीपाशी."

"पुस्तिकेत तसंच आहे ना? प्रत्येकाला स्वतंत्र विचारावे."

"'शक्यतो' आहे पुस्तिकेत. 'शक्यतो प्रत्येकाला स्वतंत्र विचारावे.' इतकी वर्षं सरकारी कागद वाचताय, शक्यतो म्हणजे काय ते मी सांगायचं का तुम्हाला?"

झटपटवर माझा संशय होता. मागच्या पाहणीत त्याच्या गटातली माणसं फारच कमी हिंडली होती. पण तोच विचार उलटा करून पाहिला आणि अडलो. लबाडी करणारा माणूस मुळात आळशी असतो. एक फेरी वाढवायची म्हणजे निघाल्याची वेळ, पोचल्याची वेळ, वाहन, कारण, एवढे सगळे रकाने भरायचे. लबाड माणूस फेऱ्या गाळतो, वाढवत नाही. ओझं वाढवून चोरी करणारा चोर मला उभ्या नोकरीत भेटला नाही.

शिवाय उडालेल्या फेऱ्यांचं कारण काय लिहिलं होतं? नोकरी नाही, बाजार नाही, दवाखाना नाही. जवळजवळ सगळीकडे 'इतर'. खोटं बोलणाऱ्याला 'इतर' परवडत नाही. त्याला कारण लागतं. कारणाशिवाय कुठे जातो तो खराच माणूस.

मग फोनवाल्या मुलीकडे गेलो. तिचा आवाज इतका गोड की लोक प्रश्न संपल्यावरही फोन ठेवत नसत.

"फोन कधी करतेस?"

"सगळे घरी असतात तेव्हा. जेवणखाण आटोपल्यावर."

"आणि बोलतं कोण?"

"एकच जण, काका. बहुतेक घरातला कर्ता माणूस. सगळ्यांचं तोच सांगतो. मागून आवाज येत असतात. सांगा, मी बँकेत गेले होते. सांगा, आई कुठे जात नाही."

"बरं. आता एक काम कर. नदीपलीकडच्या गटात ज्या घरी एकच माणूस राहतं, ती घरं वेगळी काढ."

तिने काढली. एकटा राहणारा मास्तर, एकटी राहणारी नर्स, कुत्रा आणि म्हातारी. कुत्रा पाहणीत धरत नाहीत.

"यातल्या किती फेऱ्या उडाल्या?"

मुलीने पुन्हा पुन्हा पाहिलं. गोड आवाज थोडा खाली आला.

"एकही नाही, काका."

मी जवळची खुर्ची ओढली.

४

गुरुवारी नदीपलीकडे गेलो. बस जुनी होती, पण खिडक्या मोठ्या होत्या.

मास्तरांना विचारलं, ते म्हणाले, "मी वाचनालयात गेलो होतो, नंतर उगाच पुलावर. तुमच्या बाईंना सांगितलं, फोनवरही सांगितलं. एकट्या माणसाला काय लपवायचं? आणि कुणापासून?" बोलताना त्यांनी समोरची रिकामी खुर्ची जरा सरळ केली. माझ्यासाठी नव्हे. मी दुसऱ्या खुर्चीत बसलो होतो.

पुढचं घर भरलेलं होतं. घराचा नंबर मी विसरलोय आणि अगदी पक्का विसरलोय. सासूबाई, त्यांचे यजमान, मुलगा आणि सून. मी सगळ्यांसमोर विचारलं, "त्या दिवशी कोण कोण बाहेर गेलं होतं?"

"आमची सून बाजारात जाते तेवढीच," सासूबाई म्हणाल्या. "आणि हे तर उंबराच ओलांडत नाहीत. गुडघे."

सून मान डोलावत होती. गुडघेही मान डोलावत होते.

मला जिन्यापर्यंत सोडायला सून आली. खाली पोचल्यावर हळूच म्हणाली, "बाईंनी सांगितलं का तुम्हाला?"

"नाही. नोकरी जायची पाळी आली, तरी नाही."

ती जिन्याच्या कठड्यावरचा रंगाचा पोपडा नखाने सोलत राहिली. मग म्हणाली, "बाजारापाशी उतरायच्या ऐवजी शेवटच्या थांब्यापर्यंत जाते. उतरत नाही तिथेही. त्याच बसने परत येते. खिडकीची जागा मिळते, कुणी हाक मारत नाही. बास, एवढंच."

"फार वाईट गोष्ट नाही ही."

"वाईट नाहीच. पण घरी सांगितलं की मग ती घरातली होते हो काका."

रस्त्याच्या कोपऱ्यावर मागून पावलं वाजली. गुडघे चांगले सणसणीत चालत आले होते.

"मी रोज नाही हं जात," आजोबा म्हणाले. "आठवड्यातून कधी तरी. माझं शिंप्याचं दुकान होतं, तिथे आता मोबाइल विकतात. मी समोर उभा राहतो. आतला मुलगा उंच आहे, पण शर्ट त्याला खांद्यात बसत नाही. बघवत नाही मला."

"जाता कसे?"

"बसने. खिडकीपाशी." इकडेतिकडे पाहून त्यांनी आवाज आणखी उतरवला. "सुनेला कळू देऊ नका. उगाच काळजी करते."

त्या दिवशी मी आणखी काही घरं केली. प्रत्येक घरात प्रत्येकाकडे स्वतःची म्हणून एक जागा होती, आणि घरातल्या बाकीच्यांना तिचा पत्ता नव्हता. कुणी बंद पडलेल्या तलावाच्या पायरीवर बसत होतं, कुणी आता दुसऱ्याची झालेली बाग बाहेरून बघत होतं. कोडं सुटलं होतं. राहिलं होतं एकच घर, आणि तिथे जायचं माझ्या जिवावर आलं होतं.

५

साहेबांच्या बायकोने दार उघडलं. मी त्यांना वहिनीच म्हणतो. पुढचं सगळं त्यांच्या परवानगीने लिहितोय. अट एकच होती की गल्ली ओळखू येऊ नये.

"यांनीच पाठवलंय ना?" त्यांनी विचारलं.

"हो. पण तुम्ही काय सांगाल ते त्यांना कळणार नाही. तसा नियम आहे."

"बाईंनीही असंच म्हटलं होतं." पाण्याचा पेला पुढे करत त्या समोर बसल्या. "गेले होते मी त्या दिवशी. नदी ओलांडून."

"कारण?"

"बाईंनी 'इतर' लिहिलं. तुम्हीही तेच लिहा."

मी लिहिलं. फॉर्मच्या दृष्टीने काम संपलं होतं. मी उठलो नाही.

"लग्न झाल्यावर आम्ही सायकल दुरुस्तीच्या दुकानावर राहायचो," वहिनी म्हणाल्या. "वर एक खोली, जिना बाहेरून. तेव्हा हा प्रगणक होता. दिवसभर लोकांच्या दारात उभा राहायचा आणि घरी आल्यावर मला नकला करून दाखवायचा. कोण दार कसं उघडतं, कोण आतूनच ओरडतं, नाव विचारलं की कोण बायकोकडे बघतं. मी हसून हसून पोळी करपवायची. करपलेली पोळी हा खायचा."

"आता?"

"आता गाडीने येतात. जेवतात. 'काही निरोप?' म्हणतात." त्या हसल्या, पण हसू वाटेतच कुठे तरी राहिलं. "जगाला विचारायचा यांचा धंदा काका, की काल कुठे गेला होतात. मला कुणी विचारलं तर ती तुमची बाई. मी तिच्यासमोर रडले. बिचारी पेन बंद करून बसून राहिली."

"आणि तुम्ही तिथे जाऊन करता काय?"

"दुकानासमोर बाक आहे. बसते. वर आता दुसऱ्यांचे कपडे वाळत असतात. तो घरी यायची वेळ होईपर्यंत बसायचं. वेळ झाली की वाटतं, आता वळणावर दिसेल. मग आठवतं की तो तिथे येत नाही. मग मी उठते, आणि इथे येऊन यांच्यासाठी स्वयंपाक करते."

तेव्हाचा तो आणि आताचे हे. वहिनींनी दोघांना इतकं वेगळं ठेवलं होतं, की ते एकच गृहस्थ आहेत हे मला पुन्हा मनाशी ठरवावं लागलं.

"साहेबांना सांगून टाका ना," मी म्हणालो.

"विचारलं तर सांगेन."

खाली गाडी थांबल्याचा आवाज आला. साहेब त्या दिवशी लवकर आले होते.

६

त्या संध्याकाळी जिन्यात साहेबांनी विचारलं, "सापडलं?" मी म्हणालो, "उद्या, ऑफिसात." रात्रभर मी कूस बदलत राहिलो. बाईंना सोडवायचं तर साहेबांच्या घरची फेरी खरी होती हे सांगायला हवं. सांगितलं की वहिनींना दिलेला शब्द जातो. आणि तोच शब्द मोडायला नको म्हणून बाई नोकरी घालवायला निघाल्या होत्या.

शुक्रवारी साहेबांच्या खोलीत सगळे जमले. झटपट, फोनवाली मुलगी, आणि दाराजवळ बाई.

"साहेब," मी सुरुवात केली, "फेऱ्या कुणी बनवल्या नाहीत. एकट्या माणसांच्या घरात एकही फेरी उडाली नाही. बाई बनवत असत्या तर तिथेही बनवल्या असत्या. तिथे तर आणखी सोपं होतं. भरल्या घरात उडाल्या त्या फेऱ्या कुणाच्या? ज्याने फोन उचलला त्याची एकही नाही. सगळ्या बाकीच्यांच्या."

फोनवाल्या मुलीने मान हलवली. तिने पडताळून पाहिलं होतं.

"म्हणजे आपण दुसऱ्यांदा विचारलं ते भलत्याच माणसाला. बाईंनी प्रत्येकाला एकेकटं गाठून विचारलं, की तू कुठे गेला होतास. आपण फोनवर कर्त्याला विचारलं, की तुझी माणसं कुठे गेली होती. त्याने त्याला माहीत होतं ते सांगितलं. त्याला किती माहीत आहे, एवढंच आपण मोजलं."

"मग बाकीचे गट कसे जुळले?" झटपटने विचारलं.

"तुझी पोरं दारात एकालाच विचारतात. फोनवरही एकालाच विचारतात. तीच चूक दोनदा केली की तिला आपल्या ऑफिसात दर्जा म्हणतात. तुझा काही दोष नाही. 'शक्यतो' आपणच लिहिलंय."

झटपट पहिल्यांदाच सावकाश खाली बसला.

साहेबांनी समोरची फाइल मिटली. मग त्यांनी सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. मलाही उठायचं होतं, पण त्यांनी हाताने थांबवलं.

"तुम्ही पुराव्यात माझ्या घराचं नाव घेतलं नाहीत, काका."

"घेतलं नाही."

"मी स्वतः पाठवलं होतं तुम्हाला. तिथे काही नसतं, तर तुम्ही सगळ्यात आधी तेच सांगितलं असतंत."

"तुमच्या घराबद्दल मी काहीच बोललेलो नाही, साहेब."

"तेच तर."

साहेबांनी दोन कागद पुढे ओढले. एकावर बाईंना कमी केल्याचं लिहिलं होतं, तो त्यांनी फाडला. दुसऱ्यावर नदीपलीकडचा गट ग्राह्य धरल्याची सही केली. खाली एक ओळ हाताने लिहिली, की यापुढे पडताळणीही प्रत्येकाला स्वतंत्र विचारूनच करावी. 'शक्यतो' लिहिलं, आणि खोडलं. अक्षर अजून चांगलं होतं त्यांचं.

मी कागद घेऊन दाराशी गेलो. बाई बाहेर भिंतीला टेकून उभ्या होत्या. कागद वाचून त्यांनी डोळे पुसले, आणि पहिलं वाक्य काय बोलल्या, तर "घरांना काही त्रास नाही ना होणार?" मी नाही म्हणालो. एका घराबद्दल मला खात्री नव्हती.

आत साहेब खिडकीपाशी उभे होते.

"एवढंच सांगा," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "एकटीच जाते का?"

खरं उत्तर फार अवघड होतं. ती जाते एकटीच, पण भेटायला कुणाला जाते हे सांगितलं असतं, तर हा माणूस आत्ताच्या आत्ता जिने उतरत सुटला असता. मी चष्मा काढून पुसायला घेतला. उभ्या नोकरीत नियम पाळताना मला इतका त्रास कधी झाला नव्हता.

"ठीक आहे," साहेब म्हणाले. थोड्या वेळाने खुर्चीशी येऊन उभे राहिले, बसले नाहीत. "मग हे घरी विचारायचं कसं? काही ठरलेला मजकूर आहे का? मी प्रगणक होतो तेव्हा पाठ होता. सुरुवात कुठून करायची असते?"

"मजकूर तोच आहे, साहेब. बदललेला नाही."

"काय आहे?"

"घरातल्या माणसाला आधी आपली ओळख करून द्यायची," मी म्हणालो. "आपण कोण, ते सांगायचं. मग विचारायचं."

साहेबांनी मान हलवली, आणि कपाटाच्या काचेत स्वतःकडे बघत राहिले.